रिकाम्या पुंगळीची पारख

बंदुकीचा बार झाला की पाहणाऱ्याची नजर स्वाभाविकपणेच लक्ष्याकडे धावते. परंतु आपली काडतुसे आपणच भरून घेण्याचा ज्यांना छंद आहे अशा मंडळींची नजर, मातीची तबकडी फुटली की नाही हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेताच मागे वळते आणि बंदुकीतून उडालेली रिकामी पुंगळी गवतात नेमकी कोठे पडली याचा शोध घेऊ लागते. अमेरिकेत ओहायो राज्यातील व्हँडेलिया येथे 1924 पासून 2005 पर्यंत आणि त्यानंतर इलिनॉय राज्यातील स्पार्टा येथे ‘ग्रँड अमेरिकन’ नावाची जी वार्षिक स्पर्धा भरत आली आहे तिच्यात, किंवा त्या देशात गावोगावी असणाऱ्या लहान मंडळांत, ‘ट्रॅप’ हा खेळ खेळणाऱ्याला एका फेरीत 25 तबकड्यांवर आणि पूर्ण डावात बहुधा 100 तबकड्यांवर नेम धरावयाचा असतो. म्हणजे पाच जणांची एक तुकडी आपला डाव संपवून बाजूला होते तेव्हा तिच्या मागे पाचशे पुंगळ्या पडलेल्या असतात. काडतुसात जे जे जिन्नस असतात त्यांपैकी दारूचा धूर होऊन गेलेला असतो, शिसाचे छर्रे माळावर विखुरलेले असतात, दारू पेटविणारी टोपी एकदाच ठिणगी देऊन कायमची निकामी झालेली असते; या साऱ्या संसारात पुंगळी तेवढी जागच्या जागी, बहुतांशी धडधाकट आणि पुन्हा कामाला लागण्यास राजी अशी उरते. ती उचलावी की तेथेच सोडावी, आणि उचलली तर कोणती उचलावी, हा विषय वरवर पाहता भंगारवाल्याच्या अखत्यारीतला वाटतो. पण त्यात शिरल्यावर असे आढळते की या अंगठ्याएवढ्या नळकांड्याची निवड हीच पुनर्भरणाच्या साऱ्या विद्येची पहिली पायरी असून, ती चुकली तर पुढच्या पायऱ्यांवर कितीही जपून पाऊल टाकले तरी त्याचा उपयोग नाही.

पुंगळी हा शब्द येथे मी हेतुपुरस्सर वापरतो. ‘काडतूस’ हा शब्द ‘पिस्तूल’ या आपल्या भाऊबंदाबरोबर पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी कागदाच्या गुंडाळीचा अर्थ आहे. परंतु ती गुंडाळी झाडून रिकामी झाली की मराठीत तिला पुंगळी म्हणतात, आणि पोलिसांच्या पंचनाम्यापासून वर्तमानपत्राच्या बातमीपर्यंत ही वहिवाट सर्वत्र सारखी आहे. कोकणात आमच्या आजोळी मामांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची एक जुनी एकनळी बंदूक होती आणि तिच्याबरोबर वारशाने आलेल्या पाच-सहा संपूर्ण पितळी पुंगळ्या होत्या. त्यांतली एक माजघरातल्या फडताळावर उभी असे आणि तिच्या तोंडावरच्या मेणाच्या थेंबांचे मला बालपणी मोठे नवल वाटे. काळी दारू, तीवर पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे, मग पुन्हा एक पातळ चकती, आणि पावसाळी हवेची ओल आत शिरू नये म्हणून वर मेणबत्तीचे मेण, अशी ती जुन्या पद्धतीची भरण असे. काडतुसाची पुंगळी ही फेकण्याची वस्तू नसून भांडे आहे, ही कल्पना माझ्या मनात रुजली ती त्या फडताळापाशी.

भांड्याची ही कल्पना इतिहासालाही धरूनच आहे. स्वित्झर्लंडमधून पॅरिसला येऊन राहिलेल्या पॉली नावाच्या बंदूककाराने 1812 मध्ये, दारू, गोळी आणि पेट घेणारे द्रव्य ही तिन्ही एकाच आवरणात घालून नळीच्या मागच्या बाजूने बंदुकीत बसविण्याच्या युक्तीचा एकाधिकार घेतला. पुढे 1830 नंतरच्या काळात लफोशे या फ्रेंच कारागिराने बुडातून एक खिळा बाहेर काढलेले काडतूस प्रचारात आणले, आणि 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या बंदुका पाहून इंग्रज बंदूककारांचे डोळे उघडले. त्या खिळ्यावर अवचित आघात झाला तर काय होईल ही धास्ती मात्र राहिलीच. ती दूर झाली ती टोपी बुडाच्या मध्यभागी खोबणीत बसविण्याच्या पद्धतीने, जी इंग्लंडात डॉ या व्यापाऱ्याने 1861 मध्ये रूढ केली. तेव्हापासून आजतागायत छऱ्याच्या काडतुसाची मूळ आकृती बदललेली नाही: खाली धातूचे बूड, त्याच्या मध्यभागी टोपी, वर नळीसारखे अंग आणि शेवटी मिटलेले तोंड. बदलले ते अंगाचे द्रव्य. प्रथम मेण पाजलेला कागद किंवा पितळ, आणि 1960 मध्ये रेमिंग्टन कारखान्याने प्लॅस्टिकची पुंगळी बाजारात आणल्यापासून प्लॅस्टिक.

आता या भांड्याचे काम काय ते पाहू. ते केवळ जिन्नस एकत्र धरून ठेवण्याचे असते तर कागदाची पुडीही पुरली असती. परंतु दारू पेटते त्या क्षणी, सेकंदाच्या काही सहस्रांशांत, नळीच्या मागच्या भागात जो दाब उत्पन्न होतो त्याची कमाल मर्यादा 12 बोरच्या प्रचलित काडतुसासाठी अमेरिकन उत्पादकांच्या संस्थेने दर चौरस इंचास 11,500 पौंड अशी ठरविली आहे, म्हणजे आपल्या सभोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 780 पट. एवढा दाब पुंगळी एकटीच्या बळावर सोसू शकत नाही. ती सोसते ती बंदुकीच्या पोलादी कोठ्याच्या भरवशावर. पुंगळीचे अंग फुगून कोठ्याच्या भिंतीला घट्ट चिकटते, मागे येऊ पाहणाऱ्या वायूची वाट बंद करते आणि दाब ओसरताच पुन्हा थोडे आकसून बाहेर निघण्यास मोकळे होते. फुगावे, पण फाटू नये; आकसावे, पण पूर्वीच्या घड्या विसरू नयेत; असा दुहेरी स्वभाव ज्या द्रव्यात आहे तेच या कामास योग्य, आणि पुनर्भरण करणारा मनुष्य पुंगळी हातात घेऊन जे चाचपतो ते हेच, की या स्वभावाचा किती अंश अद्याप शिल्लक आहे.

निवडीतला प्रथम प्रश्न मापाचा. बोर म्हणजे काय याविषयी पुष्कळांच्या मनात गोंधळ असतो, कारण येथे आकडा वाढला की नळी बारीक होते. एक पौंड शिसाच्या सारख्या वजनाच्या 12 गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती 12 बोरची, आणि 20 गोळ्या केल्या तर तितक्या लहान गोळीची ती 20 बोरची. पहिलीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर, दुसरीचा त्याहून सुमारे तीन मिलिमीटरने कमी. 410 म्हणून जी बंदूक ओळखली जाते तिचा आकडा मात्र गोळ्यांच्या हिशेबाचा नसून इंचाच्या सहस्रांशांतला प्रत्यक्ष व्यास आहे. 20 बोरचे काडतूस चुकून 12 बोरच्या बंदुकीत पडले तर ते कोठ्यातून पुढे घसरून नळीत अडकते आणि मागे 12 बोरचे दुसरे काडतूस बसण्यास जागा मोकळी राहते. त्यापुढे चाप ओढल्यावर काय होते ते सांगावयास नकोच. या गफलतीला आळा बसावा म्हणून पिवळा रंग 20 बोरसाठी राखून ठेवण्याचा दस्तूर अमेरिकन कारखान्यांनी पाडला. रंगांच्या बाबतीत विश्वास ठेवण्यासारखी गोष्ट म्हणाल तर ही एवढीच. एरवी लाल, हिरवी, काळी, निळी हे कारखानदारांच्या आवडीनिवडीचे प्रकरण आहे.

लांबीचे प्रकरण याहून अधिक कपटी आहे. 12 बोरची सर्वसाधारण पुंगळी पावणेतीन इंची, म्हणजे 70 मिलिमीटर, समजली जाते, जुन्या इंग्रजी बंदुका अडीच इंचांच्या आढळतात, आणि तीन व साडेतीन इंचांचे प्रकारही प्रचारात आहेत. परंतु हे माप न झाडलेल्या काडतुसाचे नसून झाडल्यानंतर तोंड उलगडलेल्या पुंगळीचे असते. म्हणून पावणेतीन इंची काडतूस मिटलेल्या अवस्थेत अडीच इंची कोठ्यात बिनबोभाट जाऊन बसते आणि बंदूकही मुकाट्याने बंद होते. पण बार होताना तोंड उलगडू लागले की त्याच्या कडा कोठ्यापुढील निमुळत्या भागात शिरून वाट अरुंद करतात आणि दाब धोकादायक रीतीने चढतो. बंदुकीत काडतूस बसले, सबब ते तिचेच आहे, हा कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे.

तथापि बोर आणि लांबी या गोष्टी बुडावरच्या शिक्क्यावरून वा पट्टीने मोजून कळतात. खरी पारख लागते ती जे बाहेरून दिसत नाही त्याला. एकाच बोरच्या, एकाच लांबीच्या दोन पुंगळ्या घ्या आणि त्या उभ्या चिरून पाहा. कित्येकदा असे आढळेल की बाहेरून जुळ्या बहिणी शोभणाऱ्या या दोघींच्या पोटाचा आकार अगदी निराळा आहे. एकीचे अंग वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीच्या नळीचे असून तळाशी कागदाची घट्ट गुंडाळलेली किंवा प्लॅस्टिकची वेगळी चकती बसविलेली असते. दुसरीचे अंग आणि तळ एकाच प्लॅस्टिकच्या गोळ्यातून दाबून ओढून काढलेले असल्याने तिची भिंत खाली जाड होत जाते आणि पोट तळाकडे निमुळते होते. पहिली सरळ भिंतीची, दुसरी उतरत्या भिंतीची. सरळ पुंगळीत तळाची चकतीही कोठे बुटकी तर कोठे उंच असते. म्हणजे दारूला मिळणारी जागा प्रत्येक जातीत वेगळी पडते. आपल्या घरी एकाच दुकानातून आणलेल्या दोन शेरांच्या तपेल्यांत एकीत जास्त मावते हे दूध घालताच कळते. येथे ते चाप ओढल्यावर कळते, एवढाच फरक.

जागेच्या या थोड्याशा उण्याअधिक प्रमाणाला इतके महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण बिनधुराच्या दारूच्या स्वभावात आहे. ही दारू आपल्या ठरीव वेगाने जळत नाही. तिच्याभोवती दाब जितका चढेल तितकी ती अधिक वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळेल तितका दाब आणखी चढतो. म्हणून तेवढीच दारू, तोच दट्ट्या (दारू आणि छर्रे यांच्यामध्ये बसणारा बोळा) आणि तेवढेच छर्रे ऐसपैस पोटाच्या पुंगळीतून काढून कोंदट पोटाच्या पुंगळीत घातले तर दाब मर्यादेबाहेर जाण्याचा संभव उत्पन्न होतो. आणि याच्या उलट, लहान पोटासाठी ठरविलेली भरण मोठ्या पोटात घातली तर दारू अर्धवट जळते, न जळलेले कण नळीत सांडतात, आवाज ‘ढम्’ ऐवजी ‘फुस्’ असा होतो आणि दट्ट्या नळीतच अडकून राहू शकतो. फुसका बार हा आपल्या बोलण्यात थट्टेचा विषय आहे; बंदुकीच्या ओट्यावर तो थट्टेचा विषय मुळीच नाही, कारण नळी न तपासता त्यामागून झाडलेला दुसरा बार अडलेल्या नळीत होतो आणि नळी फाडतो. याच कारणास्तव दारूचे कारखाने भरणाची जी कोष्टके प्रसिद्ध करतात त्यांत केवळ दारूची जात आणि वजन देऊन थांबत नाहीत. पुंगळी कोणत्या कारखान्याची व कोणत्या प्रकारची, टोपी कोणती, दट्ट्या कोणता, छर्रे किती, हे सर्व एकत्र नोंदतात, आणि त्यांतील एकही बाब आपल्या मर्जीने बदलण्यास मुखत्यारी देत नाहीत. पाककृतीत तिखट कमीजास्त करता येते, औषधाच्या चिठ्ठीत येत नाही. हे कोष्टक दुसऱ्या जातीचे आहे.

आता जातींची थोडी ओळख. अमेरिकेतील ट्रॅपच्या मैदानावर ज्या पुंगळ्यांवर माणसे अक्षरशः झडप घालतात त्यांत विंचेस्टरची ‘डबल ए’ आणि रेमिंग्टनची ‘एस.टी.एस.’ या दोन अग्रगण्य होत. डबल ए 1965 मध्ये निघाली तेव्हा अंग आणि तळ एकसंध असलेली, उतरत्या भिंतीची आणि तोंडाला आठ चुण्यांची अशी ती होती, आणि पुन्हापुन्हा भरण सोसण्याच्या गुणामुळे तिने भरणाऱ्यांच्या दोन पिढ्यांची मने जिंकली. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याने तिची घडण बदलून तळाची चकती वेगळी केली. नाव तेच, बाहेरचा थाट बहुतांशी तोच, पण पोट दुसरे. जुन्या भक्तांनी यावर बरीच नाराजी व्यक्त केली, आणि ती मला अनाठायी वाटत नाही. कारण ज्याच्या घरी दोन्ही काळच्या पुंगळ्या एकाच पोत्यात मिसळल्या आहेत त्याला आत उजेड पाडून एकेक वेगळी काढल्यावाचून गत्यंतर उरत नाही. रेमिंग्टनची हिरवी एस.टी.एस. मात्र एकसंधच राहिली, आणि गुळगुळीत अंगाची असल्याने भरणयंत्रातून ती विनासायास सरकते. फेडरल कारखान्याच्या पुंगळ्या सरळ भिंतीच्या आणि वेगळ्या तळचकतीच्या. त्यांचे कोष्टक वेगळे, तोंडाचा कस जरा लवकर जातो, परंतु पोट ऐसपैस असल्यामुळे जड भरण घालणारे त्यांना पसंत करतात. इटलीतील लेक्को गावी 1876 पासून चालत आलेल्या फिओक्की कारखान्याच्या आणि फ्रान्स-इटलीत बनणाऱ्या शेडाइटच्या पुंगळ्याही सरळ भिंतीच्या. या शेवटच्या नावामागे आल्प्सच्या पायथ्याच्या शेड या गावी प्रथम बनलेल्या एका स्फोटकाची आठवण आहे. युरोपीय पुंगळ्यांत एक मेख अशी की त्यांची टोपीची खोबण अमेरिकन टोपीच्या मानाने किंचित सैल असते. अमेरिकन टोपी तीत डुलते, आणि उलटपक्षी युरोपीय टोपी एकदा अमेरिकन पुंगळीत ठोकली की ती खोबण ताणली जाऊन पुढे स्वदेशी टोपीला धरीनाशी होते.

पितळी बुडाविषयीचा एक समज येथे निकालात काढला पाहिजे. काही काडतुसांचे बूड उंच, काहींचे बुटके असते, आणि उंच बुडाची पुंगळी अधिक मजबूत, असे अनुभवी माणसेही छातीठोकपणे सांगताना मी ऐकले आहे. कागदी पुंगळ्यांच्या काळात त्यात काही तथ्य होते. आज अंग प्लॅस्टिकचे झाल्यावर ते उरले नाही, आणि बाहेरच्या पितळेच्या उंचीवरून आतल्या तळचकतीची उंची ओळखू पाहणे म्हणजे पागोट्यावरून विद्वत्ता ओळखण्यासारखे आहे. शिवाय जे पितळ म्हणून चकाकते ते कित्येकदा पितळेचा मुलामा दिलेले लोखंड असते. लोहचुंबक लावून पाहिला की कैफियत उघड होते. लोखंडी बूड टाकाऊच असे नाही. पण बार झाल्यावर ते फुगते आणि भरणयंत्राच्या कड्यात दाबून मूळ मापावर आणले तरी चिवटपणाने थोडे परत फुलते, त्यामुळे पुढच्या वेळी कोठ्यात अडखळते. पितळ या बाबतीत अधिक समजूतदार.

कागदी पुंगळीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण तिच्यामागे तर्कापेक्षा ममता अधिक आहे. मेण पाजलेल्या कागदाच्या पुंगळीतून बार झाल्यावर जो एक विशिष्ट, किंचित गोडसर जळका वास येतो त्यासाठी जुने नेमबाज आजही ती विकत घेतात, आणि फेडरलने ट्रॅपवाल्यांसाठी ती बनविणे चालू ठेवले आहे. परंतु पुनर्भरणासाठी तिचे आयुष्य अल्प. तीन-चार फेऱ्यांत बुडाच्या वरच्या कडेशी कागद जळून सुईच्या अग्राएवढी भोके पडतात. आपल्याकडे तर तिचा खरा शत्रू पावसाळा. इंग्रजी अमदानीत विलायतेहून येणारी एली आणि कायनॉक या कंपन्यांची कागदी काडतुसे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जून-जुलैत ओल खाऊन फुगत, कोठ्यात जात ना गेलेली निघत. म्हणूनच दूरच्या ठाण्यांवरील शिकारी आणि बागायतदार संपूर्ण पितळी पुंगळ्या बाळगीत आणि घरीच त्या भरीत. पितळेची भिंत पातळ असल्याने त्यांचे पोट नेहमीच्या मापाहून रुंद, आणि 12 बोरची चकती त्यांत सैल बसते. म्हणून आत त्याहून एक-दोन मापे मोठी चकती घालावी लागते. आमच्या मामांच्या चकत्या इतक्या कष्टाने आत का बसत याचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी, हे वाचताना झाला.

जात ठरल्यावर व्यक्तीची परीक्षा. उत्तम कुळातली पुंगळीही एकदा झाडलेली आणि दहादा झाडलेली यांत फरक असतोच, म्हणून जाणता मनुष्य प्रथम तोंड पाहतो. आठ चुण्यांची की सहा चुण्यांची हे आधी, कारण प्लॅस्टिक आपल्या जुन्या घड्या विसरत नाही आणि आठ घड्यांच्या तोंडाला सहा घड्यांच्या साच्यात दाबले की ते धड ना असे, धड ना तसे, चुरगळून मिटते. मग चुण्यांच्या टोकांना चिरा गेल्या आहेत काय, कडा झिजून मऊ पडल्या आहेत काय; मऊ तोंड नीट मिटत नाही, दारूला आरंभी जो अटकाव हवा तो मिळत नाही आणि भरण फुसकी निघते. नंतर बूड: टोपीच्या भोवती काळी काजळी उमटलेली असेल तर वायू तेथून निसटला आहे असे समजावे, नवी टोपी अंगठ्याने दाबून सहज आत जात असेल तर खोबण सैल झाली आहे असे समजावे, दोन्ही स्थितींत दाखला नामंजूर. पायाखाली चिरडलेली, चिखलात पडून ओली झालेली, अंगावर बारीक जळकी भोके दिसणारी, ही तर न पाहताच बाद करावी.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक टाळली जाणारी तपासणी आतली. वेगळ्या चकतीच्या पुंगळीत ती चकती अनेक बारांनंतर सैल होऊन उचलली जाऊ शकते. तिच्यावर दारू भरली तर जागा कमी होते ती होतेच, पण बाराबरोबर ती चकती सुटून नळीत अडकली तर अनर्थ होतो. त्यासाठी काही मंडळी एक लाकडी काडी घेऊन तिच्यावर तळापर्यंतच्या खोलीची खूण करून ठेवतात आणि प्रत्येक पुंगळीत ती उतरवून खूण कडेशी जुळते की नाही याची रुजुवात घालतात. दोन पैशांचे हे साधन शंभर रुपयांच्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी आहे असे माझे मत आहे. काडी आणि विजेरी यांनी आणखीही काही सापडते: मैदानावरची माती, कुंभारीण माशीचे घर, आणि कधीकधी एका पुंगळीच्या पोटात निमूटपणे जाऊन बसलेली 28 किंवा 410 बोरची धाकटी पुंगळी, जी गोणीत ओतताना आत शिरली आणि वरून पाहणाऱ्याला तळासारखीच भासली.

हा सारा खटाटोप पैशासाठी आहे काय? अंशतः. 12 बोरची साधी काडतुसे कारखाने इतकी विपुल काढतात की घरी भरून फारशी बचत होत नाही. 28 आणि 410 बोरची मात्र, शिसे कमी असूनही, खप थोडा म्हणून महाग पडतात, आणि तेथे पुंगळी जपणाऱ्याचा हिशेब खरोखर जमतो. यामुळे लहान बोरच्या पुंगळ्या मैदानावर कोणी सोडून जात नाही. बाकीच्यांविषयी अनेक मंडळांत असा अलिखित, कोठे लिखितही, नियम आहे की जमिनीला लागलेली पुंगळी मंडळाची, आणि बंदुकीतून हाताने काढून घेतलेली खेळणाऱ्याची. मोडून उघडणारी दुनळी ज्याच्याजवळ आहे तो या नियमाने फायद्यात राहतो, कारण त्याच्या पुंगळ्या त्याच्या तळहातात पडतात. आपोआप भरणारी बंदूक मात्र पुंगळी चार-पाच हात दूर भिरकावते, आणि तिचा मालक डाव संपल्यावर बाकीच्यांच्या नजरा चुकवीत वाकून फिरतो. आपल्या देशात 1959 च्या शस्त्र अधिनियमाने काडतुसे बनविणे आणि बाळगणे परवान्याच्या अधीन केले आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार संपुष्टात आणली आहे; तेव्हा अमेरिकेतल्याप्रमाणे घराच्या ओसरीवर यंत्र मांडून संध्याकाळी शंभर काडतुसे भरणारा गृहस्थ आपल्याकडे दिसत नाही, आणि 12 बोरची जी काडतुसे परवानेदार विकत घेतात त्यांच्या पुंगळ्या बहुधा एकदाच जन्म घेतात.

तिकडे मात्र ज्याने एक जात निवडली तो सहसा तिच्याशीच राहतो. एकाच जातीच्या पुंगळ्या, एकदा किंवा दोनदा झाडलेल्या अशा वेगवेगळ्या पिशव्यांत घातलेल्या, प्रत्येक पिशवीवर फेऱ्यांची संख्या लिहिलेली, यंत्र त्या जातीच्या तोंडासाठी जुळवून ठेवलेले, आणि मिटलेल्या तोंडाचा मध्य कडेपासून सुमारे दीड मिलिमीटर खोल आहे की नाही हे दर दहा-वीस काडतुसांमागे पाहिले जात असलेले, असे त्याचे दप्तर असते. मध्य फार खोल गेला तर आत भर कमी आहे, फुगून वर आला तर अधिक आहे. आणि एकाएकी एखादे तोंड निराळे मिटले तर त्या पिशवीत परकी पुंगळी शिरली आहे हे त्याला न बघता कळते. तो यंत्र थांबवितो, ती काढतो, बुडावरचा शिक्का वाचतो. जिचे दिवस भरले तिला तो तशीच टाकीत नाही, कारण टोपलीतून कोणी होतकरू ती पुन्हा उचलील. तो जाड कात्री घेऊन तिचे तोंड दोन बोटे खाली कापतो आणि मगच टोपलीत सोडतो.